नवं वर्ष, कच्चं खाणं आणि ताटाची डावी बाजू

बेळगावात नवं वर्ष वर्षातून तीनदा येतं. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅम्पात आणि गल्लोगल्ली ‘ओल्डमॅन’ म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा पेटतो ते एक. दिवाळीच्या पाडव्याला दुकानदार वह्या पुजतात ते दुसरं. आणि चैत्रात दारात गुढी उभी राहते, शेजारच्या कन्नड घरात युगादीचं बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, वाटलं जातं, ते तिसरं. तिन्ही वेळा घराघरांत एकच बोलणं ऐकू येतं: सणात खाणं फार झालं, आता आवरायला पाहिजे.

हल्ली या आवरण्याला ‘रॉ फूड’ असं नाव मिळालंय. ‘एक तारखेपासून मी फक्त कच्चं खाणार’ असं किल्ला तलावावर सकाळी फिरणारे सांगतात, भिशीत बायका सांगतात, पुण्या-बेंगळुरूहून सुट्टीला आलेली मुलं तर हमखास सांगतात. फळं, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले दाणे, सुकामेवा आणि रस. गॅस पेटवायचा नाही.

मला या ओढीचं मनापासून कौतुक आहे. आपल्या ताटात कच्चं कमी पडतं हे खरंच आहे. पण पदार्थाला आच लागली की तो बिघडतो, ही त्याच्यामागची समजूत बरोबर नाही, आणि तिच्यापायी काही जण तब्येत खराब करून घेतात. म्हणून आच लागल्यावर अन्नाचं नेमकं काय होतं हे नीट समजून घेऊ. ते कळलं की काय कच्चं खायचं आणि काय नाही, हे प्रत्येकाला आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी हा विचार आला कुठून ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या झ्यूरिक शहरात बिर्चर-बेन्नर नावाचे डॉक्टर आजाऱ्यांना किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट्स आणि बदाम-अक्रोड देत. आज डब्यात मिळणारं ‘म्यूसली’ त्यातूनच आलं. पुढे अमेरिकेत बोस्टनच्या ॲन विगमोर यांनी मोड आलेली धान्यं आणि गव्हांकुरांचा रस यांचा मोठा प्रसार केला. हळूहळू त्याचा एक नियमच झाला: साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेलं काही खायचं नाही. कारण असं सांगतात की अन्नात जिवंत ‘एन्झाइम’ असतात, ती पचनाला मदत करतात आणि आचेनं मरतात.

यातलं अर्धं खरं आहे. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं. तापवल्यावर ती निकामी होतात, इथपर्यंत बरोबर. पण कच्ची खाल्ली तरी पोटातल्या तीव्र आम्लात त्यातली बहुतेक निकामीच होतात, कारण पोटाच्या दृष्टीनं तीही इतर प्रथिनांसारखीच पचवायची वस्तू असते. पचनाला लागणारी एन्झाइम शरीर स्वतःच तयार करतं: लाळेत, पोटात, स्वादुपिंडात, लहान आतड्यात. गाजराची एन्झाइम गाजराच्या कामाची असतात. तेव्हा कच्चं खायचं ते दुसऱ्या कारणांसाठी, आणि ती कारणं चांगली भक्कम आहेत.

आता आचेकडे येऊ. ज्वारीच्या भाकरीपासून सुरुवात करतो, कारण ती आपल्याकडे रोज होते आणि सगळी गोष्ट तिच्यात दिसते. पीठ परातीत घेऊन मध्ये आळं करून त्यात उकळतं पाणी ओततात, ते का? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारं ग्लुटेन नसतं. पण ज्वारीत स्टार्च भरपूर असतो, आणि स्टार्चचे कण पाण्यात साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान फुगतात, फुटतात, खळीसारखे चिकट होतात. उकळत्या पाण्यानं पिठातला थोडा भाग असा चिकट झाला की भाकरी हातावर थापता येते, कडेला फाटत नाही. उरलेला स्टार्च तव्यावर फुलतो. हा फुललेला स्टार्च आपल्या लाळेला आणि आतड्याला सहज फोडता येतो. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात, त्यातला बराच भाग न पचताच पुढे जातो. कच्ची ज्वारी, कच्चा तांदूळ किंवा कच्चा बटाटा यांनी पोट भरल्यासारखं वाटलं तरी अंगाला फार थोडं लागतं. माणसाच्या पूर्वजांनी अन्न शिजवायला सुरुवात केल्यावर त्यांना कमी चघळून जास्त शक्ती मिळू लागली आणि त्यातून माणसाचा मेंदू व पचनसंस्था घडत गेली, असं मत हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी मांडलंय. ते मत सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण शिजवल्यावर धान्यातली शक्ती जास्त हाती लागते याबद्दल वाद नाही.

आच दुसरं काम करते ते भाज्यांच्या पेशींवर. गाजर, टोमॅटो, लाल भोपळा, मेथी यांच्यात कॅरोटिन वर्गातली रंगद्रव्यं असतात. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. कच्च्या गाजरात ते पेशींच्या भिंतींआड अडकून पडलेलं असतं. शिजवलं किंवा बारीक किसलं की ते मोकळं होतं, आणि सोबत थोडं तेल-तूप असलं की आतड्यात शोषलं जातं. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तर तेलात शिजवल्यावर जास्त मिळतं. गाजराच्या कोशिंबिरीवर आपण तेलाची फोडणी घालतो आणि दाण्याचं कूट पेरतो, त्यानं चव येतेच, शिवाय गाजरातलं जे घ्यायचं ते अंगी लागतं.

आणि आच नुकसान काय करते? क जीवनसत्त्व जातं. ते उष्णतेनं मोडतं, पाण्यात विरघळतं, चिरून ठेवलं तर हवेनंही कमी होत जातं. पालेभाज्यांतलं फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्वही बरंच कमी होतं, विशेषतः भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिलं तर. म्हणून रोज काहीतरी कच्चं हवंच. पण ते किती? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. १०० ग्रॅम पेरूत ते साधारण २०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू खाल्ला तरी दिवसाची गरज भागते. त्यासाठी भाकरी-आमटी सोडावी लागत नाही.

क जीवनसत्त्वाचं आणखी एक काम आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह शरीर फार कमी शोषून घेतं. त्याच घासाबरोबर लिंबू, कच्चा कांदा-टोमॅटो, पेरू किंवा आवळा असेल तर हे शोषण बऱ्यापैकी वाढतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर उलट कमी होतं. रक्त कमी असलेल्या बायका आपल्या भागात घरोघरी आहेत. त्यांना ‘रोज बीटचा रस प्या’ असं सांगण्यापेक्षा भाकरीवर लिंबू पिळा आणि चहा तासाभरानं घ्या, असं सांगावं. खर्च काहीच नाही आणि उपयोग रोजचा.

४८ अंशांचा नियम कडक पाळायचा म्हटला तर आपल्याच सणांत काय घडतं ते बघा. पाडव्याला सकाळी आपण कडुनिंबाची कोवळी पानं-फुलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा किंवा जिरं, हिंग, मीठ, चिंच आणि गूळ एकत्र वाटून खातो. वर्षाची सुरुवात आपण कच्च्या पदार्थानंच करतो. पण त्यातला गूळ कच्चा नाही. चिकोडी-रायबाग भागात कुणी गुऱ्हाळावर उभं राहिलं असेल त्याला माहीत आहे: काहिलीत उसाचा रस तासन्‌तास उकळतो, वरची मळी काढत राहतात, आणि ११५ ते १२० अंशांच्या आसपास पाक आला की काहील उतरवतात. म्हणजे नियमाप्रमाणे गूळ बाद. संक्रांतीचा तीळ भाजलेला असतो, तोही बाद. रस्त्याच्या कडेला चरकातून काढलेला उसाचा रस मात्र नियमात बसतो, मग त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा असेना का! नियम तापमानाचा असला तर असंच होणार. एकेका पदार्थाचा वेगळा विचार केला तर हे कोडं सुटतं.

काजूचंही तसंच. खानापूर, जांबोटी, पलीकडे चंदगड हा काजूचा पट्टा. काजूच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं. फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावतात, तरी बोटं काळी पडतात. ती बी आधी वाफवून किंवा भाजूनच फोडावी लागते. दुकानातले पांढरेशुभ्र ‘कच्चे’ काजू, ज्यांचं रॉ फूडवाले चीज आणि खीर करतात, ते या आचेतून आलेले असतात. ते खाऊ नयेत असं मी म्हणत नाही. उलट आचेनंच ते खाण्याजोगे झालेत, एवढं लक्षात ठेवायचं.

आता जे कधीच कच्चं खायचं नाही ते. राजमा सर्वांत आधी. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. मोड आणून कच्चा खाल्ला तरी हे विष राहतं. मंद आचेवर अर्धवट शिजवलेला राजमाही त्रास देतो. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा किंवा कुकरला लावायचा. पावटेही शिजवूनच. सोयाबीनही शिजवूनच. अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यानं घसा खाजतो, सुजतो. म्हणून आपण ती चांगली शिजवतो आणि चिंच किंवा आमसूल टाकतो. हिरवा पडलेला किंवा फार मोड आलेला बटाटा मात्र शिजवूनही चालत नाही, त्यातलं सोलानिन आचेनं जात नाही. तो टाकून द्या.

दुधी भोपळ्याच्या रसाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण नव्या वर्षाच्या संकल्पात तो हमखास असतो. दुधी, काकडी, दोडका या कुळात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होतं. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि त्यानंतर वैद्यक संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमून इशारा दिला. नियम सोपा आहे: रस काढण्याआधी दुधीची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर तो दुधी फेकून द्या. ‘औषध कडूच असतं’ म्हणून डोळे मिटून पिऊ नका. रस पिऊन उलटी, पोटात कळ, चक्कर असं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

कडुनिंबाचंही असंच. पाडव्याला चमचाभर वाटण ठीक. सोशल मीडियावर बघून रोज सकाळी पेलाभर निंबाचा रस पिणं हे वेगळं प्रकरण आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी तर ते करूच नये. आणि निंबाचं तेल लहान मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये, ते त्यांना विषासारखं बाधतं.

पूर्ण कच्च्या आहारावर वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांचं काय होतं? जर्मनीत गीसेन शहरातल्या संशोधकांनी अशा ५०० हून जास्त लोकांची पाहणी केली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. वजन कमी होतं हे त्यात दिसलं, पुरुषांचं सरासरी १० किलोच्या आसपास, बायकांचं १२. इथपर्यंत वाचून अनेकांना आनंद होईल. पण ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी जवळपास ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा बंद पडली होती. शरीराला शक्ती कमी पडली की ते आधी या गोष्टी थांबवतं. याच मंडळींच्या २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात वाईट कोलेस्टेरॉल कमी दिसलं, ते चांगलंच, पण सुमारे ३८ टक्के लोकांना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. बी-१२ भाज्या-फळांत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. आधीच शाकाहारी असलेल्या माणसानं दूध-दहीही सोडलं तर गोळीशिवाय दुसरा इलाज राहत नाही. हात-पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, सतत थकवा ही त्याची लक्षणं, आणि ती इतकी सावकाश येतात की वय झालं म्हणून सोडून दिली जातात.

राहिला जंतूंचा प्रश्न. कच्चं खाणाऱ्यानं सर्वांत जास्त काळजी याचीच करावी असं माझं मत आहे. मोड आलेली कडधान्यं घ्या. मोड आल्यानं क जीवनसत्त्व वाढतं, लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं, पचायला हलकं जातं. पण मोड यायला जो ओलावा आणि ऊब लागते, तीच जंतूंनाही लागते. २०११ च्या उन्हाळ्यात उत्तर जर्मनीत ई-कोलाय या जंतूची मोठी साथ आली. ३,८०० हून जास्त लोक आजारी पडले, ५० हून जास्त मेले. शोध घेतला तर बोट पोचलं इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांवर, आणि त्यांना आणलेल्या मोडांवर. एवढ्या स्वच्छ देशात हे झालं. आपण मूग-मटकीचे मोड निदान दोन-तीन मिनिटं वाफवून घेतले तर थोडं क जीवनसत्त्व जाईल, पण रात्री झोप नीट लागेल. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, म्हातारी माणसं आणि केमो किंवा डायलिसिस चालू असलेला माणूस यांना कच्चे मोड देऊच नयेत.

बेळगावच्या बाजारात सकाळी कडोली, सांबरा, मुचंडी, हिंडलगा भागातली ताजी भाजी येते. रानातून काढून तासा-दोन तासांत आपल्या पिशवीत, ही चैन मोठ्या शहरांत पैसे टाकूनही मिळत नाही. पण कुठल्याही शहराच्या कडेनं सांडपाण्याचे नाले वाहतात आणि त्या पाण्यावर थोडीबहुत भाजी पिकतेच. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी अशा पाण्यात येतात, पानांना चिकटतात. ती पोटात गेली तर काही जणांच्या मेंदूपर्यंत पोचतात आणि फिट येऊ लागतात. आपल्या देशात फिट येण्यामागे हे एक मोठं कारण आहे. लोक म्हणतात कोबीत किडा असतो म्हणून फिट येते. कोबीच्या पानावरची हिरवी अळी निरुपद्रवी आहे, धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या या अंड्यांचा. मीठ-हळदीच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली म्हणजे ती मरतात, यावर भरवसा ठेवू नका. कोबीची वरची पानं काढून टाका, मेथी-कोथिंबिरीची पेंडी सोडून मुळं कापा, आणि एकेक पान वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली चोळून धुवा. कंद धुऊन सोला. आणि ज्या विळीवर मटण किंवा मासळी चिरली ती साबणानं घासल्याशिवाय तिच्यावर काकडी चिरू नका. मृगापासून गणपतीपर्यंत, पालेभाजीच्या देठापर्यंत चिखल असतो त्या दिवसांत, पालेभाजी मी शिजवूनच खातो. कच्चं तेव्हा काकडीवर भागतं.

दूध कच्चं पिऊ नये, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. गोठा घरचा असला तरी उकळूनच.

याच मातीत कच्च्याकडे अगदी उलट नजरेनं बघणारी माणसंही आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी भागात दिगंबर जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यातली कित्येक घरं कंदमुळं खात नाहीत, पाणी उकळून-गाळून पितात, आणि अष्टमी-चतुर्दशीला, भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात हिरवी भाजीही वर्ज्य करतात. त्यांच्या दृष्टीनं कच्च्या हिरव्या पानात जीव आहे, म्हणून ते खाण्यात संयम हवा. रॉ फूडवाला म्हणतो, पानात जीव आहे म्हणूनच ते खावं. दोघंही अंतःकरणापासून बोलतात. जेवणाच्या नियमात शरीरशास्त्राइतकाच श्रद्धेचा भाग असतो, हे इथं दिसतं. म्हणून दुसऱ्याच्या ताटाला मी नावं ठेवत नाही.

मग नव्या वर्षात करायचं काय? माझं उत्तर आपल्या ताटातच आहे. मराठी ताट वाढताना उजवीकडे भाजी-आमटी आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर येते. आपलं कच्चं सगळं डावीकडे असतं. फक्त काळाच्या ओघात ते चमच्याएवढं उरलंय. लग्नाच्या पंगतीत तर कोशिंबीर बोटाला लागेल एवढीच पडते. हा चमचा वाटीएवढा करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला फळं आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खायला सांगते, बटाटा-रताळं सोडून. दोन्ही जेवणांत एक-एक वाटी कच्चं, मध्ये एक फळ, आणि शिजलेली भाजी नेहमीसारखी, एवढ्यात ते सहज होतं.

वाटीत काय असावं यासाठी परदेशी पानं शोधायची गरज नाही. उत्तर कर्नाटकात ज्वारीच्या भाकरीबरोबर पानात कच्च्या पाल्याची जुडी ठेवायची रीतच आहे: मुळ्याचा पाला, कांद्याची पात, कोवळी मेथी, कोवळी करडई. आमच्या घरी थंडीत मेथीची पचडी होते ती अशी. एक बोट उंचीची, बारीक पानांची मेथी घ्यायची, मोठ्या पानांची कडू लागते. धुऊन फडक्यावर कोरडी करायची, ओली राहिली तर पचडीला पाणी सुटतं. चिरताना सुरी एकदाच फिरवायची, पुन्हा पुन्हा कुटल्यासारखी चिरली की कडवटपणा वर येतो. बारीक कांदा, शेंगदाण्याचं जाडसर कूट, मीठ, जरासं लाल तिखट, लिंबू, आणि वर घाण्याचं शेंगतेल कच्चंच. हातानं हलकं कालवायचं आणि लगेच गरम भाकरीवर घ्यायचं. भाकरीच्या वाफेनं मेथी किंचित मऊ पडते आणि तेल तिच्यात मुरतं. कच्चं आणि शिजलेलं एकाच घासात येतं, आणि वर सांगितलेलं लोह, क जीवनसत्त्व, कॅरोटिन, तेल हे सगळं जुळून आलेलं असतं.

ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी एकदम वाटीवर जाऊ नये. आतड्यातल्या जंतूंना भाज्यांतल्या जास्त तंतूंची (फायबरची) सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पोट फुगतं. मुतखडा झालेल्यांनी कच्च्या पालकाच्या स्मूदीपासून लांब राहावं, पालकात ऑक्झलेट फार. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण तिच्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या कामात आडवं येतं. दात नसलेल्या आजी-आजोबांना किसून द्या.

वर्ष संपताना मागे वळून बघायचं असतं, त्यातही मला खाण्याचा हिशेब फार उपयोगी वाटतो. वजनाचा काटा एक आकडा सांगून गप्प बसतो. दुधाचा हिशेब लिहिलेलं जुनं कॅलेंडर मात्र बरंच बोलतं: कुठल्या महिन्यात पाहुणे होते, कधी घरात आजारपण होतं, कधी दूध जास्त लागलं. मी डिसेंबरात ते खाली उतरवून चाळतो. त्या महिन्यांत आम्ही काय खाल्लं, बाहेरचं किती आलं, फळ कुणाच्या वाट्याला आलं आणि कुणाच्या नाही, हे आठवत जातं. कापलेलं फळ मुलांना, नवऱ्याला, सासऱ्यांना जातं आणि घरातली बाई सालीला चिकटून उरलेला गर खाते, हे बऱ्याच घरांत खरं आहे. कच्च्या खाण्याचा संकल्प करणाऱ्यानं हेही विचारावं की निवडणं, धुणं, चिरणं कोण करणार. मेथी निवडायला अर्धा तास जातो. संकल्प नवऱ्याचा आणि निवडणं बायकोचं असेल, तर तो संक्रांतीपर्यंतही टिकणार नाही, आणि टिकू नये असं मला वाटतं. ज्याला वाटीभर कच्चं हवं त्यानं पेंडी हातात घेऊन बसावं.

सणाच्या घरी कच्चं खाणाऱ्यांची खरी परीक्षा होते. माझी पुतणी असाच संकल्प करून पाडव्याला गावी आली होती. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी यांतलं तिला काहीच चालणार नव्हतं. ती ताटापुढं ओशाळून बसली आणि माझी काकी दुखावली. “पोळी नको तर नको, पण घरात येऊन उपाशी का बसतीस? सांगितलं असतंस तर काय तरी केलं नसतं काय?” काकीचं दुखणं पोळीपेक्षा न सांगण्याचं होतं. सकाळपासून चुलीपुढं उभं राहिलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हणणं लागतंच. दोन दिवस आधी फोन केला असता तर तिच्यासाठी डाळ, काकडी, पेरू, कलिंगड असं ताट आनंदानं झालं असतं, कारण ते सगळं त्या दिवशी घरात होतंच.

म्हणून पाहुणा म्हणून जाताना आधी सांगावं, आणि शक्य असेल तर एक मोठं पातेलं आपणच करून न्यावं, सगळ्यांना पुरेल एवढं. चैत्रात यासाठी वाटल्या डाळीसारखा पदार्थ नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती होतेच, आणि रामनवमीला कन्नड घरातून येणारी मुगाची कोसंबरी ही तिची बहीणच. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवावी. तेवढ्यात ती फुगते, आणि गॅस करणारी साखर थोडी पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी ओतून द्यावं. हिरव्या मिरचीबरोबर जाडसर वाटावी, गंध करू नये. किसलेली कैरी, मीठ, चवीला साखर, कोथिंबीर, आणि वर मोहरी-हिंग-हळदीची खमंग फोडणी. कच्ची डाळ पचायला जड असते, म्हणून ती द्रोणात थोडीच वाढतात. पोटभर खायचा तो पदार्थ नाही. ज्यांना एवढीही बाधते त्यांच्यासाठी वाटलेली डाळ दहा मिनिटं वाफवून मग कैरी घालावी, चवीत फार फरक पडत नाही. आणि ती निघायच्या आधी वाटावी, आदल्या रात्री नको. चैत्रातल्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबून जाते.